सातबाऱ्यावर नाव नाही त्यांची मोजणी कोण करणार?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षभरात महामार्गांच्या जमिनीवरनं तुमच्या पेपरात जेवढ्या बातम्या आल्या त्या जवळपास सगळ्या मी वाचल्यात, बऱ्याच कापून पण ठेवल्यात, आणि एक गोष्ट लक्षात आली की कुठलीही बातमी घ्या ती शेवटी मोबदल्याच्या दोनच शब्दांवर येऊन थांबते, दुप्पट का चौपट. चुकीचं काय नाही त्यात. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या अंकली-चोकाक पट्ट्यातले शेतकरी चौपटीसाठी भांडले ते बरोबरच भांडले. माझी पण २२ गुंठे जाणार आहे, चौपट मिळाली तर मला काय नको झालंय का. पण हे पत्र त्यासाठी नाही. पत्र जरा लांबलंय, कापायचं असेल तर माझ्या जमिनीचं कापा, आक्काचं तेवढं ठेवा.

झालं असं की आमच्या गावच्या रानातनं एक मोठा रस्ता जाणार आहे (कुठला ते लिहीत नाही, नाव घेतलं की लगेच हा कुठल्या पार्टीचा असं सुरू होतं). मोजणीवाल्यांना आम्ही दोनदा परत पाठवलेलं, तिसऱ्यांदा सकाळी आठलाच आले, मोजणीची दोघं-तिघं, एक कंपनीचा पोरगा आणि मागं पोलीस गाडी. काठीवर डबा बसवलेलं ते रोव्हर यंत्र उसाच्या सरीत उभं करायचं, पीं असा आवाज आला की पुढं सरकायचं. एकजण पंचनाम्याचे कागद घेऊन बांधावर बसला आणि विचारत गेला, विहीर किती फूट, बांधीव का कच्ची, मोटर किती एचपीची, पाइपलाइन पीव्हीसीची का सिमेंटची, आंबे किती, नारळ किती. आमच्या बांधावर शेवग्याचं एकच झाड आहे, ते पण गेल्या वळवात अर्धं मोडलंय, तरी 'शेवगा १' असं व्यवस्थित लिहून घेतलं. त्याच शेवग्याखाली आक्का विळा घेऊन बसलेली.

आक्का म्हणजे माझी बहीण नव्हे, साठी ओलांडलेली बाई आहे, गावात लहानथोर सगळे तिला आक्काच म्हणतात. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. नावावर एक गुंठा जमीन नाही, गावठाणातलं दोन खणांचं घर आहे ते दिराच्या नावावर. दोन म्हशी, त्यातली एक कायम भाकड. आमच्या आणि शेजारच्या तिघाचौघांच्या बांधावरचं गवत, उसाचा पाला, तोड सुरू झाली की वाडं, ह्याच्यावर तिच्या म्हशी जगतात आणि म्हशींवर ती जगते. त्या बदल्यात आमच्या भांगलणीला ती येते, कधी पगार घेते कधी घेत नाही, ठरलेलं असं काय नाही, तीस वर्षं हे असंच चाललंय, कागदावर लिहून ठेवायची वेळच कधी आली नाही कुणावर.

तर तिनं त्या लिहिणाऱ्या पोराला विचारलं, "आणि माझं काय लिवलंस रं बाळा?"

पोरगा चांगला होता खरं, हसला नाही का हिडीसफिडीस केली नाही, कागद दोनदा उलटापालटा केला आणि म्हणाला, "मावशी, तुमचा गट नंबर काय?"

आक्का म्हणाली, "गट न्हाई बाबा, म्हस हाय."

सगळे हसले. मी पण हसलो. संध्याकाळी मोटर चालू करायला गेलो तेव्हा ते हसणं आठवलं आणि बरं वाटलं नाही. कारण त्या कागदात मोडक्या शेवग्याला एक ओळ आहे आणि आक्काला नाही, आणि ती ओळ त्या पोरानं मुद्दाम गाळलेली नाही, त्याच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाही.

माझा भाचा वकिली शिकतोय, त्याला म्हटलं बघ रे असा काय नियम आहे का. त्यानं मोबाईलवर २०१३ चा भूसंपादनाचा कायदा काढून दिला, जो १ जानेवारी २०१४ पासनं लागू झालाय. आम्ही सगळे त्याला चौपटीचा कायदा म्हणूनच ओळखतो, बाजारभावाला ग्रामीण भागात १ ते २ चा गुणांक आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, ह्याच्या पुढचं कुणी वाचलेलंच नाही, मी पण नव्हतं. तर त्यात सुरुवातीलाच 'बाधित कुटुंब' कुणाला म्हणायचं ते लिहिलंय. जमीनमालक तर आहेच, पण ज्याच्याकडं जमीन नाही असा शेतमजूर, कूळ, वाटेकरी, कारागीर, संपादनाच्या आधी ३ वर्षं त्या भागात काम करत असेल आणि त्याचं पोट मुख्यतः त्याच्यावरच चालत असेल तर ते पण बाधित कुटुंब. आणि पुढं, विधवा, घटस्फोट झालेल्या, घरच्यांनी टाकलेल्या बायका ह्यांना वेगळं कुटुंब धरायचं. म्हणजे दिराच्या घरात राहणारी आमची आक्का दिल्लीच्या कायद्यात एकटी एक अख्खं कुटुंब आहे! गावच्या रेशनकार्डावर ती दिराच्या खाली चौथ्या नंबरला आहे तो भाग वेगळा.

नुसती व्याख्या करून सोडलेली नाही. ही माणसं शोधायची कशी त्याची पण रीत दिलीय, तिला अधिकारी लोक एसआयए म्हणतात, म्हणजे प्रकल्पाचा माणसांवर काय परिणाम होणार ह्याचा जमीन घ्यायच्या आधी करायचा अभ्यास. ग्रामपंचायतीशी बोलून करायचा, ६ महिन्यांत संपवायचा, गावात जनसुनावणी घ्यायची, आणि अहवाल स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत, तहसीलला, कलेक्टर ऑफिसला ठेवायचा. काय काय बघायचं त्याची यादी वाचली तर कुणीतरी गावात राहिलेल्या माणसानंच ती केली असणार असं वाटतं. रस्ते, गटारं, पिण्याच्या पाण्याची जागा, गुरांच्या पाण्याची जागा, तळं, चरायची जमीन, पोस्ट, रेशन दुकान, दवाखाना, शाळा, अंगणवाडी, देवळं, स्मशान. आणि त्याच्या आधी मोठे प्रश्न, प्रकल्प खरंच लोकांच्या उपयोगाचा आहे का, जमीन कमीत कमी घेतलीय का, दुसरीकडनं नेता येतं का ते बघितलं का, आणि होणारा फायदा मोठा का होणारं नुकसान. हा अहवाल परत एका समितीनं तपासायचा ज्यात सरकारबाहेरचे दोन समाजशास्त्रज्ञ, गावचे दोन प्रतिनिधी, पुनर्वसनाचे दोन जाणकार आणि त्या विषयातला एक तांत्रिक माणूस पाहिजे. समितीनं नको म्हटलं तर सरकारला पुढं जाता येतं पण का जातोय त्याची कारणं लेखी द्यायला लागतात.

हे सगळं वाचून मी भाच्याला म्हटलं मग आमच्या गावात हे झालं का नाही? तर तो म्हणाला मामा, तुमचा रस्ता आहे, रस्त्याला हे लागू नाही.

म्हणजे बघा. ह्याच कायद्याच्या शेवटी चौथी अनुसूची म्हणून एक यादी आहे, त्यात १३ कायदे आहेत आणि त्या कायद्यांखाली जमीन घ्यायची असेल तर हा अभ्यास करायची गरज नाही. त्या तेरात राष्ट्रीय महामार्गाचा १९५६ चा कायदा आहे, रेल्वेचा १९८९ चा आहे. वर २०१८ साली आपल्या राज्यानं दुरुस्ती करून राज्याचा महामार्ग कायदा, एमआयडीसीचा कायदा असले आणखी काही तसल्याच यादीत टाकले, आणि पायाभूत सुविधा, पाटबंधारे असल्या प्रकल्पांना पण अभ्यासातनं सूट द्यायची सोय करून ठेवली. आता मला सांगा, रस्ता, रेल्वे, एमआयडीसी आणि धरण काढलं तर सरकार गावात येऊन जमीन घेतं ते दुसऱ्या कशासाठी? तालुक्याला एखादं ऑफिस बांधायचं असलं तरच मग हा अभ्यास करायचा का!

त्यात गंमत अशी (गंमत म्हणायची पद्धत) की २०१५ साली केंद्रानं आदेश काढून त्या तेरा कायद्यांना नुकसानभरपाईची आणि पुनर्वसनाची कलमं लागू केली, अभ्यासाची नाही केली. म्हणजे राष्ट्रीय महामार्गात जरी पोट गेलं तरी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणं बाधित कुटुंबाला नोकरी, नाहीतर एकरकमी ५ लाख, नाहीतर २० वर्षं दरमहा किमान २००० असं काहीतरी मिळायला पाहिजे, घर हलवायला लागलं तर वर्षभर महिन्याला ३००० आणि हलवायचे ५०,०००, कारागीर आणि छोट्या दुकानदाराला किमान २५,०००. पंगत बसलीय, वाढपी पण उभे आहेत, पण बोलवायचं कुणाला ती यादीच कुणी केलेली नाही, मग जे सातबारा हातात घेऊन आलेत तेवढेच जेवून जाणार आणि बाकीचे दारात.

शक्तिपीठ महामार्गाबद्दल तुम्ही भरपूर छापलंय. वर्ध्याच्या पवनारपासनं सिंधुदुर्गातल्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे, असा तो आधी जाहीर झाला आणि कोल्हापूर जिल्ह्यानं त्याला जेवढा विरोध केला तेवढा कुणी केला नाही. जून २०२५ मध्ये त्याच्या भूसंपादनाला वगैरे २०,७८७ कोटींची मंजुरी मिळाली. आकडा सगळ्यांना पाठ झाला. पण त्या १२ जिल्ह्यांत भूमिहीन किती, वाटेकरी किती, दुसऱ्याच्या बांधावरच्या वैरणीवर किती म्हशी आहेत असा एक तरी आकडा कुठल्या भाषणात ऐकलाय का? विरोधवाल्यांच्या पण नाही आणि समर्थनवाल्यांच्या पण नाही. तो रस्ता व्हावा का न व्हावा ह्यावर माझं मत आहे पण ते इथं नको.

इथं जरा आमच्या घरातलं सांगतो. माझ्या आईचं माहेर धरणात गेलं. धरणाचं नाव घेत नाही, आता त्याच धरणाचं पाणी आम्ही उसाला घेतो त्यामुळं तोंड पण नाही घ्यायला. आजोबांना दुसऱ्या तालुक्यात जमीन मिळाली, पहिली चार वर्षं त्या रानात मीठ फुटायचं, पण मिळाली तरी. गावातल्या कुंभाराला आणि न्हाव्याला काही मिळालं नाही कारण त्यांची जमीन नव्हती, त्यांचं काम होतं, आणि काम कुठल्या उताऱ्यावर नसतं. नवीन वसाहतीत प्लॉट चिठ्ठ्या टाकून दिले, त्यामुळं ज्यांची दारं समोरासमोर होती ती वसाहतीच्या दोन टोकांना गेली. आई सांगते की जुन्या गावात तिची चुलती सुईणीचं काम करायची, रात्री कधी पण हाक मारली की कंदील घेऊन यायची, नवीन जागी ती अर्ध्या किलोमीटरवर आणि मधी दुसऱ्याच गावची अनोळखी वस्ती, बाईमाणूस रात्रीचं जाणार कसं. अठरा नागरी सुविधा देणार म्हणून सांगितलेलं, त्यातलं स्मशान सगळ्यात शेवटी आलं, पहिले दोघंतिघं गेले ते मूळच्या गावकऱ्यांच्या हातापाया पडून त्यांच्या स्मशानात नेले. आईला अजून ते मरण आठवत नाही, ते हातापाया पडणं आठवतं.

मायकेल सर्निया म्हणून वर्ल्ड बँकेतले एक समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी विस्थापनात माणसाचं काय काय जातं ते आठ गोष्टींत मांडलंय, जमीन जाते, काम जातं, घर जातं, माणूस कडेला पडतो, खायचे हाल होतात, आजारपण वाढतं, गायरान-पाण्यासारखं सगळ्यांचं जे असतं ते जातं आणि आठवं म्हणजे माणसामाणसांतली बांधणी सुटते. आमच्या आईनं हे काय वाचलेलं नाही, तिला आठच्या आठ तोंडपाठ आहेत. पंचनाम्यात ह्यातल्या दोनच गोष्टी येतात, जमीन आणि घर, आणि त्या पण मालकाच्या.

महाराष्ट्रानं ह्यात काही केलंच नाही असं पण नाही. मुळशीचा सत्याग्रह १९२१ चा, शंभर वर्षं होऊन गेली. कोयनेची माणसं अजून वणवण करतायत, पण देशात पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ साली आपल्याच राज्यानं केला आणि 'आधी पुनर्वसन मग धरण' ही घोषणा पण इथलीच. आणि कोण म्हणत असेल की अभ्यास करत बसलो तर प्रकल्प रखडतील, त्यानं आजऱ्याला जाऊन यावं. आंबेओहोळ, उचंगी ही काय कोयनेएवढी धरणं नव्हेत, तरी पाणी अडवायला वीसेक वर्षं गेली आणि तिथं सगळं भांडण पुनर्वसनाचंच होतं. ६ महिने वाचवायला गेलो आणि वीस वर्षं घालवली असा तो हिशोब आहे.

दुसरी एक गोष्ट शहरातल्या वाचकांसाठी, नाहीतर त्यांना वाटायचं हा रानातल्या लोकांचा विषय आहे. पुराचं घ्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा पातळी आणि ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. पाऊस वाढला की सगळ्यात आधी सामान कुणाचं हलतं? सुतारवाड्याचं. दरवर्षी ती घरं उठून चित्रदुर्ग मठात जातात, पोरांची दप्तरं, गॅसची टाकी, म्हाताऱ्यांच्या गोळ्या घेऊन. २०१९ ला आणि २०२१ ला तर काय अख्खं शहरच पाण्यात होतं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला तेव्हा सगळ्या राज्याला कळलं की कोल्हापुरात पूर आलाय. २०१९ च्या पुरानंतर त्याची कारणं बघायला नंदकुमार वडनेरे समिती बसली, महामार्गाला पाणी अडवणारा भराव नको पिलरवर पूल करा ही मागणी तेव्हापासनं सारखी चाललीय. आता इंजिनियरच्या कागदावर भराव म्हणजे एक लेव्हल असते, पाणी इतकं चढेल तितकं चढेल. तेच एक फूट जास्तीचं पाणी सुतारवाड्यात आलं तर मठातले चार दिवस जास्त होतात, धुणंभांड्याची चार घरं हातातनं जातात, कारण मालकीणबाई काय थांबत नाही, दुसरी बाई लावते. कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात गणपतीच्या ऐन सीझनला पाणी आलं तर मूर्तीबरोबर उचल घेतलेले पैसे पण विरघळतात. ही माणसं रस्त्याच्या नकाशात कुठंच नाहीत, त्यांचा एक इंच पण संपादन होणार नाही, मोजणीवाला त्यांच्या दारात कशाला जाईल. आणि तरी रस्ता कसा बांधला ते आधी त्यांनाच कळणार.

आता आमचंच जरा. संपादक साहेब, सरकारला शिव्या घालणं सोपं आहे पण आमच्या गावात विरोधाच्या बैठका होतात त्या पण गट नंबरवाल्यांच्याच होतात. सह्या घेतल्या त्या खातेदारांच्या. देवळात बैठक, पुढं सतरंजीवर खातेदार, बाया मागं पायरीवर, आणि बिनजमिनीवाले देवळाच्या बाहेर कट्ट्यावर, कुणी त्यांना बाहेर बसा म्हणून सांगितलेलं नाही पण बसतात. मोर्चाला मात्र सगळे पाहिजेत. कलेक्टर ऑफिसवर मोर्चा गेला तेव्हा आक्का आमच्याच टेम्पोत मागं उभी होती, दिवसाचा पगार बुडवून, "जमीन आमच्या हक्काची" म्हणून ओरडत. कुठली जमीन तिची? तेव्हा मला हे सुचलं नाही. शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय आमच्यात एक भाषण सुरू होत नाही, पण १९०२ साली महाराजांनी ५० टक्के जागा राखून ठेवल्या त्या दरबारच्या नोकऱ्यांत कोण कोण नाही हे आधी बघितलं म्हणूनच ना.

त्यामुळं मी आणि गावातली तीन पोरं मिळून एक काम सुरू केलंय. सरकार मोजत नसेल तर आपण मोजायचं. दोनशे पानी वही आणली आणि रात्री साडेआठनंतर मराठी शाळेच्या व्हरांड्यात बसायला लागलो, साडेआठ अशासाठी की तोपर्यंत धारा काढून, डेअरीला दूध घालून, भाकऱ्या करून बाया मोकळ्या होतात. सरकारी सुनावणी सकाळी अकराला तालुक्याला असते, म्हणजे मजुरानं दिवस बुडवायचा, वर एसटीचं तिकीट काढायचं आणि इंग्रजी पीपीटी बघून यायचं. त्यापेक्षा आमचा व्हरांडा बरा, डास सोडले तर.

पहिला प्रश्न पुराव्याचा आला. कायदा म्हणतो ३ वर्षं काम करत असला पाहिजे, आता मजुराकडं ३ वर्षांचा कागद कुठनं येणार? मालक लिहून देतो का तर नाही, लिहून दिलं तर हा उद्या कूळ म्हणून उभा राहील ही भीती. मग आमच्यातलाच एक पोरगा म्हणाला डेअरीचं कार्ड! आमच्याकडं दुधाचं बिल दर दहा दिवसांनी होतं, कुणी किती लिटर घातलं, फॅट किती, सगळं डेअरीत लिहिलेलं असतं. एखाद्या बाईच्या नावावर गुंठा नाही आणि तीन वर्षं दोन वेळचं दूध घातलंय, म्हणजे वैरण कुठनंतरी येतीय हे उघड आहे. रोजगार हमीचं जॉबकार्ड आहे, ऊसतोडीच्या टोळीत जाणाऱ्यांची नावं मुकादमाकडं आहेत, अंगणवाडीच्या रजिस्टरला प्रत्येक घर आहे, आशाताईंना कोण कुठं कामाला जातं ते बोटावर माहीत आहे. माहिती सगळी गावातच पडून आहे, कुणी एका ठिकाणी आणलेली नाही एवढंच.

अडचणी पण आल्या, लपवत नाही. आमच्या भावकीतलेच दोघं येऊन म्हणाले त्यांची नावं कशाला घालतोस, आमच्या पैशातनं जातील. जात नाहीत, जमिनीच्या मोबदल्याचा आणि ह्याचा हिशोबच वेगळा आहे, पण हे पटवायला तीन रात्री गेल्या आणि एकाला अजून पटलेलं नाही. वाटेकऱ्यांनी नावं द्यायला नकार दिला, मालक वाटा काढून घेईल म्हणून, त्यांची नावं न लिहिता नुसता आकडा लिहितोय. धनगरवाड्यावरची चार कुटुंबं मेंढरं बसवायला दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या रानात उतरतात, ती गावची का बाहेरची ह्यावर एक अख्खी रात्र वाद झाला, शेवटी वेगळं पान करून लिहिली. गुऱ्हाळावर परजिल्ह्यातली माणसं आहेत, ती आमच्याशी बोलायलाच तयार नाहीत, त्यांना वाटतं आम्ही त्यांना हाकलायला आलोय. ते पान कोरंच आहे अजून.

आणि पाइपलाइनचं एक राहिलंच. नदीवरनं येणारी आमच्या पाणीपुरवठा संस्थेची लाइन रस्त्यामुळं तुटणार आहे. ज्याच्या रानातनं ती तुटणार त्याला पाइपचे पैसे मिळतील, पण पलीकडच्या बाजूला जे दहा-दहा गुंठेवाले आहेत, ज्यांची एक इंच जमीन जात नाही, त्यांचं पाणी बंद होणार आणि त्यांना बाधित कुणीच म्हणत नाही. त्यात बरेचसे जुने वतनातले तुकडे आहेत, मागासवर्गीयांचे. ऊस जाऊन जिरायत होईल आणि मग ते पण आक्काबरोबर भांगलणीला उभे राहतील, फक्त भांगलायला रान कमी झालेलं असेल.

तुमच्याकडं मागणं एवढंच की इथनं पुढं कुठल्याही रस्त्याची, विमानतळाच्या जागेची, वैभववाडी रेल्वेची बातमी करताना तुमच्या वार्ताहरानं प्रांत साहेबांना दुप्पट का चौपट ह्याच्या बरोबर अजून एक प्रश्न विचारावा, बिनजमिनीची बाधित कुटुंबं किती आणि ती मोजली कुणी. उत्तर देत नसतील तर 'उत्तर दिलं नाही' असं छापा, ते पण चालेल. सूट दिलीय म्हणजे अभ्यास करायला बंदी आहे असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही, एखाद्या कलेक्टरनं मनावर घेतलं तर मोजणीच्या आधी ग्रामसभा लावून हे करता येतं, मराठीत, संध्याकाळी.

परवा रात्री आक्का व्हरांड्यात आली. दुधाची कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर लावून, पार जुनी पिवळी पडलेली पण तिनं टाकलेली नाहीत. वहीवर हात ठेवून विचारलं, "आता लिवलंस न्हवं?" मी म्हटलं लिहिलं. तर म्हणाली, "शेवग्याच्या वर लिव."

वहीची सतरा पानं भरलीत. झेरॉक्स सोबत जोडलीय. नावं छापू नका, वाटेकरी अडचणीत येतील, नुसते आकडे छापले तरी चालतील.

आपला,
एक खातेदार वाचक, करवीर तालुका, जि. कोल्हापूर